सांध्याची गोळी, आतड्याचा घाव

कापसाची वेचणी बोटांवर चालते आणि मजुरी किलोवर मिळते. सकाळी उठल्यावर ज्या बाईची बोटं तासभर वळतच नाहीत, तिच्या झोळीत इतरांपेक्षा कमी कापूस पडतो आणि आठवड्याच्या हिशेबात तेवढे पैसे कमी येतात. गावात या दुखण्याला ‘वात’ म्हणतात आणि वातावर प्रत्येकाकडे इलाज असतो. कोणाकडे पुडी, कोणाकडे मेडिकलमधली गोळी, कोणाकडे सुई. पुढे दोन-चार वर्षांनी त्याच बाईला पोटात मुरडा येऊन रक्ताचे जुलाब सुरू होतात. मग गावात त्याला ‘मूळव्याध’ म्हणतात आणि त्याचाही इलाज वेगळ्या माणसाकडे सुरू होतो. या दोन दुखण्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं कोणाच्याच डोक्यात येत नाही.

आज त्या संबंधाबद्दल लिहायचं आहे. मी कृषी पदविका झालेला विस्तार खात्यातला माणूस, डॉक्टर नव्हे. कोणी कोणतं औषध किती घ्यावं, हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि ते मी सांगणारही नाही. पण फवारणीच्या पंपात दोन औषधं एकत्र टाकण्याआधी लेबल वाचा, विचारा, मगच मिसळा, हे सांगण्यातच माझे दिवस जातात. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक जीव गेले. न विचारता केलेली मिश्रणं आणि अंगावर संरक्षक साधन नसणं यांची चर्चा तेव्हा गावोगाव झाली. पंपातल्या मिश्रणाबद्दल आपण त्यातून थोडंफार शहाणे झालो. माणसाच्या पोटात होणाऱ्या मिश्रणाबद्दल मात्र अजून कोणी बोलत नाही.

कुंपणच शेत खातं तेव्हा

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक राखणदार यंत्रणा असते. तिला प्रतिकारशक्ती म्हणतात. काही माणसांत ही यंत्रणा बिथरते आणि परक्या जंतूऐवजी आपल्याच अंगावर चालून जाते. कुंपणानंच शेत खावं, तसा हा प्रकार. ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावर गेली तर आमवात होतो. कातडी, सांधे, मूत्रपिंड, रक्त अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी गेली तर ल्युपस. कातडी आणि आतली इंद्रियं कडक होत गेली तर स्क्लेरोडर्मा. डोळे आणि तोंड कोरडं पडत गेलं तर शोग्रेन. या साऱ्यांना मिळून संयोजी ऊतींचे आजार म्हणतात. शरीराचे अवयव एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या भागांचे हे आजार.

हीच बिथरलेली यंत्रणा आतड्यावर गेली तर आतड्याचा दाहरोग होतो. त्याचे दोन मुख्य प्रकार. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला जखमा होतात तो अल्सरेटिव्ह कोलायटिस. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो, आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो आणि कधीकधी आतडं अरुंद करून टाकतो, तो क्रोन्सचा आजार. एका माणसाला यातला एक आजार असला की दुसरा असण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी वाढते. दोन्ही आजार एकाच अंगात असणारे रोगी फार नाहीत. पण जे आहेत, त्यांची दोन दवाखान्यांच्या मध्ये फार ओढाताण होते.

‘हे श्रीमंतांचे आणि शहरातले रोग’ असा एक समज आहे. तो खरा नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावी १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनं घरोघर फिरून पाहणी केली. खेड्यातल्या माणसाची सर्वांत मोठी तक्रार हाडा-सांध्यांचं दुखणं हीच निघाली, आणि आमवाताचं प्रमाण प्रौढांमध्ये शेकडा अर्ध्याच्या आसपास आढळलं. म्हणजे दोनशे मोठ्या माणसांमागे एक. आपल्या दोन हजार वस्तीच्या गावात असे पाच-सहा जण सहज निघतील. आतड्याच्या दाहरोगाचंही तसंच. हा रोग भारतात नाहीच, असं पूर्वी मानत. पंजाबात डॉ. अजित सूद यांच्या पथकानं पन्नास हजारांवर लोकांची पाहणी केली. २००३ साली तिचे आकडे प्रसिद्ध झाले. लाखामागे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. आमवाताच्या मानानं हा आकडा लहान आहे, पण हा रोग बहुतेक वेळा ऐन कमावत्या वयात गाठतो. घराचा कर्ता किंवा करती अंथरुणाला खिळली की शेत पडीक राहतं.

प्रत्येक जुलाब एकच रोग नव्हे

सांध्याचा आजार असलेल्या माणसाला रक्ताचे जुलाब सुरू झाले, तर त्याची कारणं अनेक असू शकतात. आमांश असेल. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे झालेला जंतूंचा संसर्ग असेल. वेदनाशामक गोळ्यांनी आतड्याला पडलेल्या जखमा असतील. ल्युपसमध्ये आतड्याच्या रक्तवाहिन्यांनाच सूज येऊ शकते. स्क्लेरोडर्मात आतड्याची हालचाल मंदावते, अन्न तुंबतं, त्यात जंतू वाढतात आणि पोट फुगून जुलाब होतात. आणि हे सगळं नसलं, तर मग आतड्याचा दाहरोग. प्रत्येकाचा इलाज वेगळा, एकाचा इलाज दुसऱ्याला घातक.

उलटंही घडतं. कधीकधी मूळ रोग आतड्याचाच असतो आणि सांधे त्याच्यामागून धरतात. गुडघा, घोटा असे मोठे सांधे सुजतात किंवा पहाटे कंबर ताठते. पोटाचा रोग आटोक्यात आला की गुडघा-घोट्याचं दुखणं पुष्कळदा कमी होतं. कंबरेचं मात्र पोटावर अवलंबून नसतं, त्याला वेगळा इलाज लागतो. आता असा रोगी नुसतं ‘गुडघा दुखतो’ म्हणून सांगतो आणि जुलाबाचं लाजेनं बोलतच नाही. डॉक्टर गुडघ्याची गोळी देतात आणि पोट आणखी चिघळतं. चूक कोणाचीच नसते, पण अर्धी गोष्ट सांगितली की इलाजही अर्धाच होतो. पिकावर कीड आली की तुम्ही आम्हाला पान, बोंड, मूळ सगळं दाखवता ना? तसंच दवाखान्यात डोक्यापासून पायापर्यंत सगळं सांगावं.

आपल्या भागात सर्वांत मोठा घोटाळा होतो तो आतड्याच्या क्षयाचा. क्रोन्सचा आजार आणि आतड्याचा क्षय हे दुर्बिणीतूनही बरेचसे सारखे दिसतात. ताप, वजन घटणं, पोटदुखी, जुलाब, सगळं सारखं. क्षयाला क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं, तर क्षय अंगभर पसरू शकतो. क्रोन्सला क्षय समजून सहा महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या, तर तेवढे महिने आतडं आतून खराब होत राहतं. म्हणून दुर्बीण घालून आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासावा लागतो. या तपासणीला माणसं घाबरतात. ‘दुर्बीण लावली म्हणजे कॅन्सरच’ असं गावात बोललं जातं. तसं काही नाही. मातीपरीक्षणाशिवाय खत टाकू नका, असं आम्ही सांगतो, तसंच हे आहे.

गिधाडं संपवणारं औषध

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मेलेल्या जनावरावर गिधाडं उतरायची. आता ती दिसत नाहीत. गुरांना डायक्लोफिनॅकची सुई दिली जायची, ती गुरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. म्हणून २००६ साली सरकारनं जनावरांसाठी हे औषध बंद केलं. पुढं माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ साली त्याही बंद करून फक्त एका वेळची लहान कुपी ठेवली.

माणसासाठी हे औषध कायदेशीर आहे आणि दोन-चार दिवस डॉक्टरच्या सांगण्यावरून घेतलं तर उपयोगीही आहे. पण आपल्याकडे वेचणीच्या हंगामात सकाळी एक, संध्याकाळी एक अशी गोळी महिनोन्‌महिने चालते. डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. ती जठराला आणि आतड्याला जखमा करतात, मूत्रपिंडावर ताण आणतात आणि ज्याला आधीच आतड्याचा दाहरोग आहे त्याचा रोग भडकवू शकतात. म्हणून असा रोग माहीत असलेल्या माणसानं मेडिकलच्या काउंटरवर ‘सांध्याची एक पत्ती द्या’ असं कधीच म्हणू नये. ‘मला आतड्याचा आजार आहे’ हे आधी सांगावं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉलसारखा दुसरा पर्याय असतो, पण तोही किती घ्यायचा हे डॉक्टरलाच विचारावं.

पुडीत काय असतं

दुसरी गोष्ट पुडीची. बाजाराच्या दिवशी ‘वातावर रामबाण’ म्हणून चूर्ण विकणारे तुम्हीही पाहिलेत. पहिल्याच दिवशी माणूस चालायला लागतो, भूक लागते, चेहरा भरतो. जी पुडी एका दिवसात आमवात पळवते, तिच्यात जडीबुटीसोबत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचा संशय घ्यावा. अशी भेसळ देशात ठिकठिकाणी तपासणीत सापडलेली आहे.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. सांध्याचा आणि आतड्याचा, दोन्ही रोग भडकले तर आग विझवायला डॉक्टर तेच देतात. पण बंबानं आग विझवायची असते, रोजचं ओलीत करायचं नसतं. महिनोन्‌महिने घेतलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, दबलेला क्षय उठतो. स्क्लेरोडर्माच्या रोग्याला जास्त मात्रेत दिलं तर मूत्रपिंडावर अचानक संकट येऊ शकतं. म्हणजे जे औषध ल्युपसवाल्याचा जीव वाचवतं, तेच स्क्लेरोडर्मावाल्याला धोक्यात टाकतं. आणखी एक लक्षात ठेवा. बरेच दिवस स्टेरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं तसं द्रव्य तयार करणं कमी करतं. अशा वेळी गोळी किंवा पुडी एकदम बंद केली, तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. आज हा लेख वाचून कोणी उद्या पुडी फेकून देऊ नये. ती पुडी खिशात घालून डॉक्टरकडे जावं, दाखवावी आणि हळूहळू कमी करण्याचा मार्ग विचारावा.

एकाच औषधानं दोन्ही रोग

आता चांगली बाजू. दोन्ही रोग एकाच बिथरलेल्या यंत्रणेचे असल्यामुळे काही औषधं दोन्हीकडे चालतात, आणि नीट निवड केली तर औषधांची संख्या वाढण्याऐवजी घटते.

याचं सर्वांत जुनं उदाहरण सल्फासलाझीनचं. स्वीडनमधल्या डॉ. नॅना स्वार्ट्झ या बाईंनी १९४० च्या सुमारास ते आमवातासाठी तयार करवून घेतलं. सांध्याच्या रोग्यांवर वापरताना त्यांना दिसलं, की मोठ्या आतड्याला जखमा असलेल्यांचे जुलाब त्यानं थांबतात. १९४२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. ऐंशी वर्षं उलटली, तरी आमवात आणि कोलायटिस दोन्हींसाठी ही गोळी आजही वापरतात, आणि ती महागही नाही. पण तीही सरसकट नाही. तिच्यामुळे काही जणांत ल्युपससारखी लक्षणं उमटतात, म्हणून ल्युपसच्या रोग्यात डॉक्टर जपून वागतात. जी-६-पीडी नावाच्या द्रव्याची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी तिनं फुटू शकतात. ही कमतरता आणि सिकलसेल विदर्भातल्या आदिवासी समाजात आढळतात. तेव्हा झरी, मारेगाव, केळापूर, घाटंजीकडच्या आपल्या गोंड-कोलाम बांधवांनी घरात कोणाला असा रक्ताचा दोष असेल तर तो डॉक्टरला आवर्जून सांगावा. तरुण गड्यांमध्ये या गोळीनं वीर्यातले शुक्राणू तात्पुरते कमी होतात आणि गोळी थांबवली की पूर्ववत होतात. मूल होत नाही म्हणून सुनेला बोल लावण्याआधी हेही विचारून घ्यावं.

दुसरं औषध मेथोट्रेक्सेट. आमवातासाठी हे मुख्य औषध आहे आणि क्रोन्समध्येही वापरतात. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोजची गोळी समजून रोज घेतल्यानं माणसं दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. चिठ्ठीवर वार लिहून घ्या, आणि तो वार घरातल्या दोघा-तिघांना माहीत असू द्या. आपल्याकडे आठवडी बाजार कोणाला विसरत नाही, म्हणून बाजाराच्या वाराशी गोळीचा वार बांधून घ्यावा, असं मी सुचवीन. हे औषध चालू असताना दारू नको आणि गरोदरपण तर मुळीच नको. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरला सांगून औषध बदलून घ्यावं लागतं, आपल्या मनानं बंद करून चालत नाही.

तिसरं अझाथायोप्रिन. ल्युपस आणि आतड्याचा दाहरोग दोन्हींत चालतं. पण काही माणसांच्या शरीरात ते नीट पचत नाही आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं कमी होतात. म्हणून सुरुवातीला वरचेवर रक्त तपासावं लागतं. आणि इथं मिश्रणाचा सर्वांत ठळक धोका आहे. युरिक अॅसिड वाढलं म्हणून जी अॅलोप्युरिनॉल किंवा फेब्युक्सोस्टॅट गोळी देतात, ती अझाथायोप्रिनसोबत पडली तर अझाथायोप्रिनचा जोर कित्येक पट वाढून रक्त कोसळू शकतं. पोटाच्या डॉक्टरनं एक गोळी दिली, अंगठा सुजला म्हणून दुसऱ्या गावच्या डॉक्टरनं दुसरी दिली. दोघांचंही आपल्या जागी बरोबर, पण पोटात जाऊन ते विष झालं. दोन्ही चिठ्ठ्या एकाच माणसानं पाहिल्या असत्या तर हे टळलं असतं.

त्यापुढची पायरी सुयांची. इन्फ्लिक्सिमॅब आणि अॅडालिमुमॅब या सुया सांध्यालाही चालतात आणि आतड्यालाही. त्याच घराण्यातली एटानरसेप्ट ही सुई मात्र सांध्याला चालते, आतड्याला नाही. सांध्याच्या डॉक्टरला पोटाचा रोग माहीतच नसेल तर तो चांगल्या मनानं ही सुई लिहून देईल आणि जुलाब तसेच राहतील. अॅडालिमुमॅब पूर्वी फारच महाग होतं. २०१४ च्या डिसेंबरात झायडस या अहमदाबादच्या कंपनीनं देशी बनावटीचं आणलं आणि पुढं किमती उतरल्या. तरी आजही ती शेतमजुराच्या आवाक्यातली नाहीत. शिवाय ही सुई सुरू करण्याआधी छातीचा एक्सरे आणि क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. आपल्या देशात क्षयाचे जंतू असंख्य लोकांच्या अंगात झोपलेले असतात आणि ही सुई त्यांना जागं करते. ल्युपस असेल तर आणखी जपावं लागतं. टोफासिटिनिबची गोळीही दोन्ही रोगांत वापरतात, पण तिलाही क्षयाची तपासणी आणि डॉक्टरची देखरेख हवीच.

शेतावर काय सांभाळावं

ल्युपसचा रोग उन्हानं भडकतो. वेचणी, निंदण पहाटे आणि उतरत्या उन्हात करावं, भर दुपारी सावलीतलं काम घ्यावं, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्यावर-तोंडावर कापड असावं. घरच्या माणसांनी याला ‘नखरे’ म्हणू नये. हा इलाजाचा भाग आहे.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर पाणी उकळून प्यावं, शेतातली काकडी-टमाटर धुतल्याशिवाय खाऊ नये. ताप आला तर ‘दोन दिवस पाहू’ म्हणू नये, त्याच दिवशी दाखवावं. लसी कोणत्या घ्यायच्या हे औषध सुरू होण्याआधी विचारावं, कारण जिवंत जंतूंच्या काही लसी नंतर देता येत नाहीत. तंबाखू, खर्रा, बिडी सोडावी. बिडी-सिगारेटनं क्रोन्स बिघडतो आणि आमवातही.

खाण्याबद्दल गावात फार भीती घालतात. दही नको, तूर नको, वांगं नको. एवढी पथ्यं सांगतात की माणूस रोगापेक्षा उपासानंच खंगतो. रोग भडकलेला असताना तर्री, ठेचा, तेलकट कमी करावं, आणि आतडं अरुंद झालेलं असेल तर चोथ्याचे पदार्थ डॉक्टर सांगतील तसे टाळावेत. एरवी ज्वारीची भाकर, वरण, भाजी, अंडं चालत असेल तर ते सोडू नये.

दोन-चार लोकांसाठी एवढा खटाटोप?

हा प्रश्न मला एका ग्रामपंचायतीच्या ओट्यावर विचारला गेला. विचारणारे चुकीचे नव्हते. ‘साहेब, कापसाला भाव नाही, उन्हाळ्यात टँकर लागतो, सर्पदंशाची लस वेळेवर मिळत नाही, आणि तुम्ही गावातल्या दोघा-तिघांच्या रोगाचं काय घेऊन बसले?’

माझं उत्तर असं. पहिलं, हे दोघं-तिघं कोणत्याही यादीत नसतात, म्हणूनच त्यांची शेती विकली जाते. अपघात झाला तर गाव धावतं. पण दहा वर्षं चालणारा रोग एक-एक एकर करून घर खातो आणि कोणाला दिसत नाही. दुसरं, मी जे मागतो आहे ते फक्त त्यांच्यासाठी नाही. तालुक्याला नियमित रक्ततपासणी झाली तर साखरेच्या, मूत्रपिंडाच्या, सिकलसेलच्या रोग्यालाही तीच कामी येईल. पुडीवाल्यावर आळा बसला तर अख्ख्या गावाचे गुडघे आणि मूत्रपिंडं वाचतील. क्षय लवकर सापडला तर शेजारीही वाचतील. बांध एकाच्या शेतात घातला तरी पाणी साऱ्या शिवारात मुरतं.

तेव्हा काय करता येईल, ते मांडतो.

एक. प्रत्येक रोग्याची एकच वही. साधी दोनशे पानी. तिच्यात सांध्याच्या डॉक्टरची चिठ्ठी, पोटाच्या डॉक्टरची चिठ्ठी, रक्ताचे रिपोर्ट, मेडिकलमधून घेतलेली गोळी आणि खाल्लेली पुडीसुद्धा लिहिलेली असावी. वही घेतल्याशिवाय कोणत्याही दवाखान्यात जायचं नाही. शेतीच्या कर्जाची कागदं आपण ट्रंकेत जपून ठेवतो, तशी ही जपावी.

दोन. आशाताईंनी चार प्रश्न विचारावेत. चार आठवड्यांपेक्षा जास्त जुलाब आहेत का? शौचात रक्त किंवा शेंबूड जातो का, रात्री झोपेतून उठावं लागतं का? वजन घटतंय, ताप येतोय का? सकाळी सांधे तासभर आखडतात का, तोंडात फोड, उन्हानं चेहऱ्यावर चट्टे, थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं यातलं काही आहे का? पोटाचं आणि सांध्याचं दोन्ही ‘हो’ आलं, तर त्या माणसाला गावात ठेवू नये. यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आपल्या जिल्ह्यात आहे. वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगी आहे. उमरखेडकडच्यांना नांदेड, वणीकडच्यांना चंद्रपूर जवळ पडतं. पहिल्यांदा चिठ्ठी घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं, तिथून पुढं जावं.

तीन. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कार्ड घरात तयार असावं. २०१२ साली ही योजना दुसऱ्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली. आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना पांढरं रेशनकार्ड असलं तरी ती लागू करण्यात आली, आणि त्यात आपला यवतमाळ आहे. पुढं ती सर्व कुटुंबांसाठी खुली होऊन मर्यादा पाच लाखांची झाली. पण ही योजना मुख्यतः भरती होण्यासाठी आहे. महिन्याची गोळी आणि महिन्याचं रक्त तपासणं तिच्यात बसत नाही, आणि या रोगात खरा खर्च तोच. इथं योजनेत बदल हवा. घरी राहून घ्यायच्या औषधांचा समावेश झाला तर भरती होण्याची वेळच कमी येईल. जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी मुंबईत मांडावी. तोपर्यंत सरकारी दवाखान्यातून आणि जन औषधी दुकानातून मिळेल ते घ्यावं.

चार. वैद्यकीय महाविद्यालयानं महिन्यातून एक ठरलेला दिवस सांध्याच्या आणि पोटाच्या रोग्यांसाठी एकत्र ठेवावा. दोन्ही डॉक्टर एका टेबलाशी, मध्ये रोग्याची वही. झरी-जामणीहून निघालेल्या माणसाची एक मजुरी आणि एक एस.टी.चं भाडं वाचेल. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चुकीचं मिश्रण वाचेल. यासाठी नवी इमारत लागत नाही, फक्त वेळापत्रक लागतं. पुढच्या रक्ततपासण्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात व्हाव्यात आणि रिपोर्ट फोनवरून महाविद्यालयात जावा.

पाच. सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनी बाजारातल्या पुडीवाल्याला परवाना आणि पुडीवर छापलेले घटक विचारावेत. नसतील तर अन्न व औषध प्रशासनाकडे नमुन्यासह तक्रार द्यावी. बोगस बियाणं पकडलं की आपण पंचनामा करतो. बोगस औषधाचा पंचनामा का नको? गावच्या आरोग्य समितीला जो थोडा निधी असतो, त्यातून अशा रोग्याच्या जाण्या-येण्याचा प्रश्न सोडवता येईल का, हे ग्रामसभेत विचारावं.

शेवटचा मुद्दा घरच्या माणसांसाठी. हे रोग बहुधा मुळापासून जात नाहीत, पण दबून राहतात. औषध नीट चाललं तर बाई पुन्हा वेचणीला जाते, गडी पुन्हा नांगर धरतो, पोरीचं लग्न होतं, तिला मूलबाळ होतं. बरं वाटलं म्हणून औषध सोडलं की रोग परत येतो. किडीसारखंच आहे हे. पतंग दिसेनासे झाले म्हणून आपण बोंड फोडून पाहायचं थांबत नाही. तसंच या रोगातही बरं वाटत असताना ठरल्या तारखेला दाखवून यावं.

ज्यांच्या घरी सांध्याचं आणि पोटाचं दुखणं एकाच माणसाला आहे, त्यांनी या आठवड्यात एवढंच करावं. एक वही आणावी, घरात असलेली प्रत्येक गोळी आणि पुडी तिच्यात लिहावी आणि ती घेऊन दवाखाना गाठावा. सांगायला लाज वाटत असेल तर वही डॉक्टरच्या हातात द्यावी.